नवा इनहेलर हाती आल्यावर: सोलापूरकर दमा-रुग्णांसाठी पहिल्या महिन्याचे मार्गदर्शन

डॉक्टरांनी दम्याचे निदान करून चिठ्ठीवर इनहेलर लिहिला आणि तो मेडिकलमधून घरी आला, की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो "याची सवय लागणार नाही ना?" हा. त्या चर्चेत त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो, तो म्हणजे इनहेलर नेमका ओढायचा कसा. गोळी गिळली की ती पोटात जाते. त्यात चूक होण्यास फारसा वाव नसतो. इनहेलरचे तसे नाही. श्वास चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या वेगाने घेतला, तर महागातले औषधही घशावर बसते आणि छातीत जवळपास काहीच पोहोचत नाही. औषधनिर्माता (फार्मासिस्ट) म्हणून मी आग्रहाने सांगतो, की "पंप लागू पडत नाही" अशी तक्रार आली तर औषध बदलण्याआधी ओढण्याची पद्धत तपासावी. हा लेख प्रामुख्याने त्या पद्धतीविषयी आणि सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांविषयी आहे. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा मात्र या लेखावरून बदलू नये.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखावे

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. त्या सुजेमुळे नलिका हळव्या होतात, आणि धूळ, धूर, थंडी किंवा सर्दी-पडसे यांचे निमित्त मिळताच त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात. मग छाती भरून येते, श्वास सोडताना सुंई-सुंई आवाज येतो, पहाटे ढास लागते. उपचारांत त्यामुळे दोन वेगळी कामे असतात: आवळलेले स्नायू सैल करणे आणि मुळातली सूज उतरवणे.

पहिले काम सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल ही औषधे करतात. त्यांचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि चार ते सहा तास टिकतो. दुसरे काम ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचे आहे. त्यांनी लगेच आराम वाटत नाही, परंतु रोज घेतल्यास काही दिवसांत ते काही आठवड्यांत सूज उतरते. अनेकांना या स्टेरॉइडबरोबर दीर्घकाळ काम करणारे दुसरे औषध एकाच पंपात मिळते. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड, किंवा साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकासोन, या नेहमीच्या जोड्या आहेत. यांतील फरक जपून ध्यानात ठेवावा. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करत असल्याने, डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर ब्युडेसोनाइडबरोबरचा तोच पंप धाप लागल्यावरही वापरता येतो. साल्मेटेरॉल मात्र सावकाश काम करते, त्यामुळे त्या जोडीचा पंप अटॅकमध्ये उपयोगाचा नाही.

म्हणून चिठ्ठी घेऊन बाहेर पडण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्या खोक्यावर पेनाने मराठीत लिहून घ्याव्यात: हा रोजचा की त्रास झाल्यावरचा, दिवसातून किती वेळा व प्रत्येक वेळी किती फवारे, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती. घरातल्या आजी-आजोबांसाठी खोक्यावर "रोज, सकाळ-रात्र" आणि "दम लागल्यावर" एवढे ठळक लिहिले तरी पुरते. "निळा पंप", "केशरी पंप" अशा रंगांवर विसंबू नये, कारण कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

इथे आणखी एक बाब स्पष्टपणे सांगायला हवी. केवळ सालब्युटामॉलच्या पंपावर दिवस काढण्याची पद्धत आता योग्य मानली जात नाही. प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना फक्त तेवढेच औषध देऊ नये, त्याच्या जोडीला श्वासावाटे स्टेरॉइड हवेच, असे दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा त्याहून अधिक सालब्युटामॉल पंप लागत असतील, तर तीव्र अटॅकचा धोका वाढलेला आहे असे समजावे आणि पुढचा पंप घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

सवय आणि स्टेरॉइड यांची भीती

दाबाने फवारा सोडणारा इनहेलर १९५६ साली वापरात आला. म्हणजे ही काही कालपरवाची, अजून पारखून न पाहिलेली पद्धत नव्हे, आणि शेवटचा उपायही नव्हे; दम्याच्या उपचाराची सुरुवातच इनहेलरने होते.

मात्रेचा हिशेब पाहिला की भीती बरीचशी निवळते. सालब्युटामॉलच्या एका गोळीत साधारणपणे २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचे १००० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध असते, आणि ते छातीबरोबर सगळ्या शरीरात फिरते. स्टेरॉइडचेही तसेच आहे. अटॅकमध्ये प्रौढांना प्रेडनिसोलोन या पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडची दिवसाला ४० मिलिग्रॅम मात्रा अनेकदा द्यावी लागते, तर इनहेलरमधली रोजची मात्रा काहीशे मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. रोजचा इनहेलर टाळून वर्षातून दोन-तीनदा गोळ्या-इंजेक्शने घेणारा रुग्ण स्टेरॉइडपासून वाचत नाही, उलट कितीतरी अधिक स्टेरॉइड घेतो. व्यसन लागावे असे या औषधांत काही नाही. औषध थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण दमा तिथेच असतो.

फवाऱ्याचा पंप कसा ओढावा

पहिल्या दिवशी आरशासमोर बसून हे करावे आणि घरातील एखाद्याला शेजारी बसवून पायऱ्या मोठ्याने वाचायला सांगावे. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस न वापरता पडून राहिला असेल, तर आधी तोंडापासून दूर हवेत काही फवारे सोडावे लागतात. किती, ते आतल्या पत्रकावर दिलेले असते.

ताठ बसावे किंवा उभे राहावे. झाकण काढून तोंडात धरायच्या भागात डोकावून पाहावे. पंप खिशात किंवा पर्समध्ये असतो तेव्हा त्यात कापसाचा धागा, नाणे, शेंगदाण्याचे टरफल असे काहीही अडकू शकते आणि ते श्वासाबरोबर आत जाऊ शकते. मग पंप चार-पाच वेळा चांगला हलवावा, म्हणजे आतले औषध आणि वायू नीट मिसळतात. पंप उभा धरावा: डबीचे बूड वर, तोंड खाली, तर्जनी बुडावर आणि अंगठा खाली.

आता छातीतला श्वास सावकाश, शक्य तितका बाहेर सोडावा, मात्र पंपात फुंकू नये. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. जीभ आडवी येऊ देऊ नये. तोंडाने हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करावी आणि सुरुवात होताक्षणी डबी एकदाच दाबावी. दाबल्यावरही श्वास तसाच सावकाश तीन ते पाच सेकंद आत घेत राहावे. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. काही जण आधी दाबतात आणि नंतर श्वास घेतात, काही जण श्वास संपत आला असताना दाबतात, आणि बरेच जण घाईने, हिसका दिल्यासारखा श्वास ओढतात. या तिन्ही प्रकारांत औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहते. आरशात पाहताना नाकातून किंवा ओठांच्या कडेने धुराची रेघ बाहेर येताना दिसली, तर तो फवारा फुकट गेला असे समजावे.

श्वास पूर्ण आत गेल्यावर पंप तोंडातून काढून ओठ मिटावेत आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून धरावा. दहापर्यंत जमत नसेल तर जितके सहज जमेल तितके. औषधाचे सूक्ष्म कण नलिकांच्या भिंतीवर बसायला हा वेळ लागतो. त्यानंतर श्वास हळू सोडावा. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबावे, पंप पुन्हा हलवावा आणि सगळ्या पायऱ्या नव्याने कराव्यात. एका श्वासात दोनदा दाबल्याने दुप्पट औषध मिळत नाही.

स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी, गुळण्या कराव्यात आणि ते पाणी थुंकून टाकावे. हे टाळले तर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. सकाळ-रात्र दात घासण्याच्या आधी पंप घ्यायचा असे ठरवून टाकले की गुळण्याही आपोआप होतात आणि मात्राही चुकत नाही.

पूड ओढायचे यंत्र वेगळे असते

रोटाकॅपसारख्या कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्रात वायूचा जोर नसतो. पूड उडवून फुप्फुसांपर्यंत नेण्याचे काम आपल्या श्वासालाच करावे लागते. म्हणून पंपाचा नियम इथे उलटा होतो: श्वास पहिल्या क्षणापासून जोरात, वेगाने आणि खोल ओढावा. एका घरात एकाकडे पंप आणि दुसऱ्याकडे रोटाकॅपचे यंत्र असेल, किंवा डॉक्टरांनी एकावरून दुसऱ्यावर बदल केला असेल, तर हा फरक विसरला जातो आणि नवे औषध बिनकामाचे वाटू लागते.

कॅप्सूल यंत्राच्या खाचेत घालावी. काही यंत्रांत ती फिरवून उघडते, काहींत झाकण मिटताच सुईने तिला भोक पडते. दुकानदाराकडून आपल्या यंत्राची रीत एकदा प्रत्यक्ष करून घ्यावी. श्वास बाहेर सोडताना तोंड यंत्रापासून दूर ठेवावे, कारण फुंकरेतील ओलाव्याने पूड गोळा होते. ओढून झाल्यावर श्वास दहापर्यंत रोखावा आणि यंत्र उघडून कॅप्सूलमध्ये पूड उरली आहे का ते पाहावे. उरली असेल तर त्याच कॅप्सूलमधून पुन्हा एकदा ओढावे. कॅप्सूल गिळायची नसते. हे लिहावे लागते, कारण रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवलेली रोटाकॅप पाण्याबरोबर घेणारे लोक खरोखर असतात. कॅप्सूल मूळ बाटलीत किंवा पट्टीतच ठेवाव्यात आणि कोरड्या हातानेच काढाव्यात.

जोरात श्वास ओढण्याची ताकद नसलेले वृद्ध, पाच-सहा वर्षांच्या आतील मुले आणि तीव्र अटॅकमधला कोणताही रुग्ण यांच्यासाठी पुडीचे यंत्र योग्य नाही. त्यांच्यासाठी पंप आणि स्पेसर ही जोडी असते.

स्पेसर घ्यावाच

स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. फवारा आधी तिच्यात साठतो आणि मग आपण आपल्या गतीने श्वास घेतो. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ अचूक साधण्याची गरज राहत नाही, घशावर बसणारे औषध कमी होते आणि छातीत अधिक जाते. औषधाच्या खर्चात पुन्हा हा खर्च कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकच वस्तू जास्तीची घेणे परवडत असेल तर ती स्पेसरच असावी, असे माझे ठाम मत आहे.

पंप हलवून स्पेसरच्या मागच्या भोकात बसवावा, श्वास सोडून स्पेसरचे तोंड ओठांत घट्ट धरावे, एकच फवारा दाबावा आणि लगेच सावकाश खोल श्वास घेऊन रोखावा. एका श्वासात जमत नसेल, तर तोंड न काढता नेहमीसारखे पाच श्वास आत-बाहेर घ्यावेत. फार वेगाने ओढल्यास काही स्पेसर शिट्टीसारखे वाजतात, त्यांनी तसे वाजू नये. चार वर्षांच्या आतील मुलांसाठी मास्क असलेला स्पेसर लागतो. मास्क नाकातोंडावर फटी न ठेवता बसवावा आणि पाच-सहा श्वास होऊ द्यावेत. मूल रडत असताना औषध नीट आत जात नाही. म्हणून आदल्या दिवशी रिकामा मास्क बाहुलीला, मग आईला, मग मुलाला लावून खेळ करावा. मास्क वापरलेल्या मुलाचे तोंड आणि चेहरा नंतर ओल्या कापडाने पुसावा.

स्पेसर आठवड्या-दोन आठवड्यांनी भांडी धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि तसाच निथळत ठेवावा. कापडाने आतून पुसू नये, कारण घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटून राहतात.

पहिले तीन-चार आठवडे

सुरुवातीच्या काही दिवसांत रोजच्या पंपाचा फरक जाणवत नाही, म्हणून तो बंद करावासा वाटतो. बंद करू नये. आधी रात्रीची झोपमोड कमी होते, मग जिना चढताना लागणारा दम, आणि त्यानंतर तातडीच्या पंपाची गरज. हा बदल इतका सावकाश होतो, की लिहून ठेवल्याशिवाय लक्षातही येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री तीन खुणा कराव्यात: रोजचा पंप घेतला का, रात्री खोकल्याने जाग आली का, आणि तातडीचा पंप किती वेळा लागला.

सालब्युटामॉलनंतर हात किंचित थरथरणे आणि छातीत धडधडणे हे परिणाम दिसू शकतात. ते बहुधा थोड्या वेळात ओसरतात. आवाज बसत असेल तर गुळण्या आणि स्पेसर यांकडे अधिक लक्ष द्यावे. पांढरे चट्टे आले तर डॉक्टरांना दाखवावे, मात्र औषध स्वतःहून सोडू नये.

पंपात किती औषध उरले हेही पाहत राहावे. ज्यांवर आकडा दाखवणारी खिडकी असते त्यांत सोपे असते. ती नसेल, तर साधा भागाकार करावा: १२० फवाऱ्यांच्या पंपातून सकाळी दोन आणि रात्री दोन घेतले, तर तो ३० दिवसांनी संपतो. सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख डबीवर चिकटवलेल्या कागदावर लिहावी. डबी पाण्यात टाकून ती तरंगते का पाहण्याची पद्धत भरवशाची नाही. औषध संपल्यावरही पंपातून वायूचा फवारा येत राहतो, त्यामुळे "अजून उडतोय" हा पुरावा धरू नये.

इतर आजारांची औषधे घेताना दुकानदाराला "मला दमा आहे" हे न चुकता सांगावे. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी काही दमा-रुग्णांना तीव्र अटॅक येतो. प्रोप्रॅनोलॉलची गोळी आणि काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब यांनीही श्वासनलिका आवळू शकतात. गरोदर स्त्रियांनी इनहेलर आपणहून बंद करू नये. बाळाला प्राणवायू आईच्याच श्वासातून मिळतो.

सोलापूरची हवा, काम आणि घर

बहुतेक इनहेलरच्या खोक्यावर ३० अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवण्याची सूचना असते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. डबीत वायू दाबाखाली भरलेला असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, स्कूटरच्या डिकीत, पत्र्याखालच्या फळीवर किंवा चुलीजवळ पंप ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीतील बंद कपाट उत्तम. माठाशेजारची फळी थंड असली तरी दमट असते, म्हणून पुडीच्या कॅप्सूल तिथे नकोत. बाहेर जाताना पंप अंगावरच्या पिशवीत ठेवावा आणि रिकामी डबी कधीही जाळू किंवा फोडू नये.

इनहेलर कितीही नीट ओढला, तरी घरात दिवसभर त्रासाचे कारण हजर असेल तर मात्रा वाढतच जाते. पूर्व भागातील अनेक घरांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, आणि तंबाखूची बारीक धूळ त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलांच्या अंथरुणावर बसते. रोजगार सोडा असे कोणी सांगू नये. परंतु वळण्याची जागा ओसरीत किंवा दाराजवळ नेणे, तंबाखू झाकणाच्या डब्यात ठेवणे, काम संपल्यावर केर न काढता ओल्या फडक्याने फरशी पुसणे आणि मुलाला जवळ घेण्याआधी हात धुऊन पदर झटकण्याऐवजी साडी बदलणे, एवढे करता येते. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी सुताच्या धुळीसाठी नाकातोंडावर नीट बसणारा मास्क वापरावा. सुटीच्या दिवशी छाती मोकळी वाटते आणि कामावर गेल्यावर पुन्हा भरते असा क्रम दिसत असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण त्यावरून निदानाची दिशाच बदलू शकते.

जाड चादरी ही आपल्या शहराची ओळख. मात्र न धुतलेल्या चादरीत, गादीत आणि उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. रुग्णाच्या अंथरुणातील चादर व अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. मिरची भाजणे, चटणीचे कांडप, डासांची कॉइल, अगरबत्ती आणि धूप यांच्या वेळी रुग्णाने दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर थांबावे. शेतावर ज्वारीची मळणी किंवा उसाचे पाचट जाळणे चालू असेल तेव्हाही तेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जायचे असेल तर गर्दी आणि धूळ वाढण्याआधी, दिवसाच जाऊन यावे, मास्क लावावा आणि तातडीचा पंप खिशात असू द्यावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांवर स्टेरॉइडचा परिणामही कमी होतो. घरातील दुसऱ्या कोणाची विडी असली तरी ती रुग्णाच्या श्वासात जातेच.

उपवास, रोजे आणि इतर औषधे

एकादशीच्या उपवासात इनहेलर थांबवण्याचे काही कारण नाही. त्यात अन्न नाही आणि पोटभर जेवणाची अटही नाही. रमजानमध्ये दिवसातून दोनदा घ्यायचा पंप बहुधा सहेरीच्या आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतो. तशी वेळ महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दिवसा धाप लागली तर तातडीचा पंप घेण्यात क्षणभरही विलंब करू नये.

कोजागरीला खिरीतून दम्याचे औषध घेणारे आणि मृग नक्षत्राच्या सुमारास माशातून दिले जाणारे औषध घ्यायला हैदराबादला जाणारे लोक आपल्या भागात पुष्कळ आहेत. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. माझी विनंती एवढीच, की त्यासाठी रोजचा इनहेलर एक दिवसही बंद करू नये आणि त्या प्रवासात व गर्दीत तातडीचा पंप जवळ ठेवावा. घटक न लिहिलेल्या, झटपट आराम देणाऱ्या पुड्यांपासून मात्र दूर राहावे.

धाप वाढली तर

डॉक्टरांनी लेखी योजना दिली असेल तर तीच पाळावी. नसेल, तर रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करू नये. सालब्युटामॉलचा एक फवारा स्पेसरमध्ये सोडून त्यावर चार-पाच श्वास घेऊ द्यावेत, आणि असे एकामागून एक चार फवारे द्यावेत. चार मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा चार द्यावेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.

रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडली असतील, श्वासागणिक गळ्याचा खळगा व बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, किंवा तो गुंगीत जात असेल, तर चार मिनिटे पाहण्यात वेळ घालवू नये. गाडी मिळेल ती घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे आणि वाटेत फवारे देत राहावे. सिव्हिल म्हणून ओळखले जाणारे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय शहरात आहे. परंतु अक्कलकोट, मंगळवेढा किंवा बार्शीकडच्या गावांतून निघणाऱ्यांनी वाटेतले पहिले उपचारकेंद्र गाठणे अधिक चांगले. सुंई-सुंई आवाज अचानक थांबला आणि रुग्ण मात्र थकत चालला, तर तो आराम नव्हे. नलिकांतून हवाच जात नाही अशी ती अवस्था असू शकते. अटॅक घरीच आटोक्यात आला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटावे, आणि फवाऱ्यांचा परिणाम तीन-चार तासही टिकत नसेल तर त्याच दिवशी.

पुन्हा डॉक्टरांकडे जाताना

साधारण महिन्याने तपासणीला जाताना पंप, स्पेसर आणि कॅलेंडरचे पान बरोबर न्यावे. मागील चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, दम्यामुळे रात्री जाग आली का, तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि दम्यामुळे काही काम सोडावे लागले का, या चार प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. चारही उत्तरे "नाही" अशी असतील तर दमा आटोक्यात आहे. फुंकून श्वासाचा वेग मोजणारा पीक फ्लो मीटर घरी असेल, तर प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असणे समाधानकारक, ५० टक्क्यांच्या खाली उतरणे धोक्याचे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा वजन घटणे अशी लक्षणे असतील तर थुंकीची तपासणीही करून घ्यावी, कारण दमा असलेल्या माणसाला क्षयरोग होत नाही असे नाही.

डॉक्टरांसमोर पंप एकदा ओढून दाखवावा, त्यांनी विचारले नाही तरी. काही आठवड्यांत हात चुकीच्या सवयीकडे वळतातच, म्हणून हे प्रत्येक भेटीत करावे. दुकानात दुसऱ्या कंपनीचा किंवा जनऔषधी केंद्रातला स्वस्त पर्याय मिळाला, तर त्यातील औषध, प्रति फवारा मात्रा आणि यंत्राचा प्रकार या तिन्ही गोष्टी चिठ्ठीशी जुळवून पाहाव्यात. तिन्ही जुळत असतील तर स्वस्त पर्याय जरूर घ्यावा. यंत्र वेगळे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि ओढण्याची पद्धत नव्याने शिकल्याशिवाय घेऊ नये.

दमा सुमारे तीन महिने सलग आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करण्याचा विचार करतात. ती पायरीपायरीने कमी होते. सर्दी-पडसे चालू असताना, प्रवासात किंवा गरोदरपणात ही वेळ निवडत नाहीत. नवी मात्रा सुरू झाल्यावर कॅलेंडरवरच्या तीन खुणा पुन्हा रोज कराव्यात, आणि रात्रीची जाग परत आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे.